युरोपात सीमा ओलांडताना मोबाइल डेटा: नंबर आपला, इंटरनेट भाड्याचं

पॅरिसहून सुटलेली गाडी फ्रान्समधलं म्युलूझ सोडून स्वित्झर्लंडमधल्या बाझलकडे निघाली आणि माझ्या फोनवरचं नेट गेलं. बाझलला गाडी बदलायची होती, फलाट कुठला ते ॲपमध्ये होतं, आणि इंटरलाकेनच्या हॉटेलचा पत्ता ईमेलमध्ये. पॅरिसमध्ये घेतलेल्या सिमच्या पाकिटावर ‘युरोप’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. त्या युरोपात स्वित्झर्लंड नव्हतं. बाबांनी स्टेशनवरच्या वाय-फायवरून पुढचं तिकीट काढायला घेतलं, तर बँकेचा ओटीपी येईना. त्यांचं भारतातलं सिम काढून आईच्या पर्समध्ये, रुमालाच्या गाठीत ठेवलेलं होतं. दोघंही सत्तरीच्या पुढचे. बाझलच्या फलाटावरचा तो दीड तास आठवला की अजूनही पोटात गोळा येतो.

तेव्हापासून नात्यातलं कोणीही युरोपला निघालं की त्यांच्या फोनची तयारी मी स्वतः समोर बसून करून देते. तीच पद्धत इथे सविस्तर लिहिते आहे. उदाहरण पॅरिस-स्वित्झर्लंड-इटलीचं घेतलंय, कारण आपल्याकडची बहुतेक कुटुंबं पहिल्यांदा याच वाटेने जातात आणि फोनच्या दृष्टीने हीच वाट सगळ्यांत अडचणीची आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

फोनमधलं सिम दोन वेगळी कामं करतं. एक म्हणजे ते तुमची ओळख सांभाळतं. बँकेचा ओटीपी, यूपीआय, व्हॉट्सॲप, विमान कंपनीचा निरोप हे सगळं त्या दहा आकडी नंबराला बांधलेलं असतं. दुसरं म्हणजे ते इंटरनेट देतं. भारतात ही दोन्ही कामं एकच सिम करत असल्यामुळे ती वेगळी आहेत हे आपल्या लक्षातच येत नाही.

परदेशी निघताना या दोन कामांची फारकत करायची. ओळख भारतीय सिमकडे ठेवायची आणि प्रवास संपेपर्यंत ते सिम फोनमधून काढायचं नाही. इंटरनेट जिथून सोयीचं आणि स्वस्त मिळेल तिथून भाड्याने घ्यायचं. खाली जे काही सांगितलंय ते सगळं या एका वाक्यातून निघतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल यांसारख्या ॲप्सना आदेश दिला की ज्या नंबरवर खातं आहे ते सिम त्याच फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालू देऊ नये. सिम काढून पर्समध्ये न ठेवण्याला हे आणखी एक कारण.

तीन वाटा, आणि कोणासाठी कोणती

पहिली वाट: आपल्याच कंपनीचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक. जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल सगळ्यांकडे आहे. फोनमध्ये काहीच बदलावं लागत नाही. युरोपातल्या टॉवरला जोडलं तरी तुमचं इंटरनेट बहुतेक वेळा फिरून भारतातल्या कंपनीच्या यंत्रणेतून जातं. त्यामुळे क्वचित थोडं संथ वाटतं, पण बँकेच्या ॲपला तुम्ही भारतातच आहात असं दिसतं आणि कुरकुर कमी होते. डेटा मात्र महाग पडतो आणि मोजका असतो.

दुसरी वाट: प्रवासी ई-सिम. हे फोनच्या आतच उतरवून घ्यायचं सिम. प्लास्टिकचं कार्ड नाही, खाच उघडायला टाचणी नाही. भारतीय सिम जागेवर राहतं आणि डेटापुरता दुसरा नंबर शेजारी येऊन बसतो. अनेक देशांचा एकत्रित प्लॅन मिळतो, हा याचा सगळ्यांत मोठा फायदा.

तिसरी वाट: तिथे उतरून स्थानिक सिम घेणं. डेटा भरपूर मिळतो आणि स्थानिक नंबरही मिळतो. पण फ्रान्स, जर्मनी, इटली, स्वित्झर्लंड इथे पासपोर्ट दाखवून नोंदणी करावी लागते, रांगेत वेळ जातो, आणि रात्री अकराला विमान उतरलं तर दुकान बंद असतं.

माझं मत असं. टूर कंपनीसोबत बसने फिरणाऱ्या ज्येष्ठांनी सरळ रोमिंग पॅक घ्यावा. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, त्यांना सेटिंगच्या जंजाळात घालू नये. स्वतः आखणी करून रेल्वेने फिरणाऱ्यांनी, फोन ई-सिमचा असेल तर, डेटासाठी ई-सिम आणि ओटीपीसाठी भारतीय सिमवर लहानात लहान रोमिंग पॅक अशी जोडी ठेवावी. मुलांकडे दोन-चार महिने राहायला जाणाऱ्यांनी तिथलं सिम घ्यावं, पण भारतीय सिम दुसऱ्या खाचेत ठेवूनच.

चौघांच्या कुटुंबात चौघांना डेटा लागतोच असं नाही. दोघांकडे मजबूत डेटा आणि बाकीच्यांना हॉटस्पॉट, हे चालतं. फक्त दोघं कधी वेगळे फिरणार असतील तर त्या दोघांकडे स्वतःचा डेटा हवा. व्हेनिसच्या गल्ल्यांत चुकामूक झाली की हॉटस्पॉट कामाचा नसतो.

‘युरोप’ म्हणजे नेमके कोणते देश?

काश्मीरला जाताना बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही हे आपल्याकडे आता पर्यटकांना पाठ झालंय. युरोपात तशीच पाठ करायची गोष्ट म्हणजे स्वित्झर्लंड.

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एक नियम लागू आहे: एका सदस्य देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात वापरलं तर रोमिंगचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. या नियमाची मुदत पुढे २०३२ पर्यंत वाढवली गेली. संघातले २७ देश, त्यांच्याबरोबर नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनस्टाइन आणि जानेवारी २०२६ पासून युक्रेन, मोल्दोवा यांना तो लागू होतो. म्हणून पॅरिसमध्ये घेतलेलं सिम रोममध्ये, व्हिएन्नात, ॲमस्टरडॅममध्ये चालतं. तरीही पाकिटावरचा बारीक मजकूर वाचा. सिम ज्या देशाचं, त्याच्या बाहेर डेटाची मर्यादा अनेकदा वेगळी असते. फ्रान्समध्ये शंभर जीबी आणि बाकी युरोपात वीस, असं लिहिलेलं असू शकतं.

स्वित्झर्लंड या संघात नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक शेंगेन व्हिसा तिथे चालतो, सीमेवर गाडी थांबवून पासपोर्ट बघत नाहीत, त्यामुळे आपल्याला वाटतं की सगळं एकच आहे. व्हिसाची हद्द आणि मोबाइलची हद्द वेगळी आहे. काही कंपन्या स्वतःहून स्वित्झर्लंडचा समावेश करतात, काही करत नाहीत. कायद्याने त्या बांधलेल्या नाहीत.

ब्रिटनचंही तेच. तो देश ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून बाहेर पडला. लंडनहून युरोस्टारने पॅरिसला जाणार असाल तर ब्रिटिश सिम पुढे चालेल का, हे त्या प्लॅनपुरतं तपासा. नीसहून एका दिवसासाठी मोनॅकोला जाणाऱ्यांनी मोनॅकोचं नाव यादीत शोधावं, कारण तोही संघाबाहेरचा देश आहे. अँडोराचं तसंच.

लिख्टेनस्टाइनची राजधानी फाडुझ आपल्याकडच्या बऱ्याच टूरमध्ये तासाभराचा थांबा असते. म्हणजे स्वित्झर्लंडमधून निघून तासाभरासाठी एक वेगळा देश आणि परत स्वित्झर्लंड. रोमिंग पॅकच्या यादीत हे छोटं नाव बऱ्याचदा राहून जातं. नसेल तर त्या तासभर डेटा बंद ठेवा, बिघडत काही नाही.

आणखी एक गैरसमज दूर करते. युरोपातला हा नियम युरोपीय सिमसाठी आहे. तुमच्या भारतीय सिमला त्याचं काहीही संरक्षण नाही. भारतीय पॅक कोणत्या देशात चालतो ते फक्त त्या पॅकची यादी सांगते, आणि पुष्कळदा देशाबरोबर तिथल्या ठरावीक कंपनीचंही नाव दिलेलं असतं.

म्हणून प्लॅन घेण्याआधी कागदावर तारखेनिहाय देश लिहा. गाडी ज्या देशातून नुसती जाते तोही लिहा. झुरिकहून म्युनिकला जाताना वाटेत ऑस्ट्रियाचं ब्रेगेन्झ लागतं, ते आपल्या यादीत कधीच नसतं. मग प्लॅनची यादी शेजारी ठेवून एकेक नावावर खूण करत जा.

निघण्याआधी दोन आठवडे

फोन ई-सिमचा आहे का, ते पाहायला डायलवर *#०६# दाबा. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ‘ईआयडी’ नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला तर फोन ई-सिमचा आहे. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून ही सोय आहे. सॅमसंग आणि इतरांत महागड्या फोनमध्ये असते, मध्यम किमतीच्या फोनमध्ये कधी असते कधी नसते, म्हणून क्रमांक पाहूनच ठरवा.

अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेला फोन वापरत असाल तर तो तिथल्या कंपनीला बांधलेला असू शकतो. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे ‘कॅरिअर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं हवं. ते नसेल तर दुसरं कुठलंही सिम चालणार नाही. शिवाय आयफोन १४ पासूनच्या अमेरिकी मॉडेलना सिमची खाचच नाही. अशा फोनवर आधी भारतीय नंबरच ई-सिममध्ये बदलून घ्यावा लागतो. तो बदल प्रवासाच्या आदल्या दिवशी करू नका.

ई-सिम कोणाकडून घ्यायचं? भारतात परदेशी सिम किंवा ई-सिम विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. जानेवारी २०२४ मध्ये याच कारणावरून एअरालो आणि होलाफ्लाय या ई-सिम विकणाऱ्या कंपन्यांची ॲप्स भारतातल्या ॲप स्टोअरवरून काढली गेली होती. परवानगी असलेले विक्रेते पासपोर्ट आणि प्रवासाची कागदपत्रं मागतात. त्याचा कंटाळा करू नका, उलट काहीच न मागणाऱ्याकडून घेताना विचार करा. घेताना तीन प्रश्न विचारा: कोणते देश, हॉटस्पॉट चालतो का, आणि मुदत कधीपासून मोजणार. काही ई-सिमची मुदत फोनमध्ये उतरवल्याबरोबर सुरू होते, काहींची तिथल्या टॉवरला पहिल्यांदा जोडल्यावर.

भारतीय सिमचं रोमिंग कंपनीच्या ॲपमधून सुरू करून घ्या. नेहमीच्या रिचार्जची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे दहा दिवस तरी हवी. ही गोष्ट फार जण विसरतात. मुदत तिथे संपली की येणारे एसएमएसही थांबू शकतात आणि मग ओटीपी नाही. घरच्या कोणाला तरी तुमचा नंबर रिचार्ज करायची आठवण देऊन ठेवा. सहा महिन्यांसाठी जाणाऱ्यांनी हे जास्तच सांभाळावं, कारण ९० दिवस नंबर अजिबात वापरला गेला नाही तर तो बंद होण्याची पाळी येते.

दिवसाच्या पॅकमध्ये ‘एक दिवस’ म्हणजे काय, तेही पाहा. २४ तास की भारतीय मध्यरात्रीपर्यंत? उन्हाळ्यात पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. म्हणजे आपल्या मध्यरात्री तिथे संध्याकाळचे साडेआठ वाजलेले असतात, लख्ख ऊन असतं आणि तुम्ही अजून आयफेल टॉवरखाली फोटो काढत असता.

कॉल फॉरवर्डिंग चालू असेल तर ##००२# डायल करून सगळं रद्द करा. परदेशात असताना न उचललेला कॉल दुसऱ्या नंबराकडे वळला तर त्याचे पैसे तुमच्या माथी येऊ शकतात.

आणि फोनमधले सगळे नंबर +९१ लावून साठवा. घरचा, डॉक्टरांचा, शेजाऱ्यांचा. नुसते दहा आकडे तिथून लागत नाहीत.

ई-सिम उतरवणं आणि सेटिंग: हे घरीच, शांतपणे

घरच्या वाय-फायवर बसा. ई-सिम घेतलं की विक्रेता क्यूआर कोड पाठवतो. तो ज्या फोनमध्ये वापरायचा त्याच फोनवर आला असेल तर स्कॅन कसा करणार, असा प्रश्न पडतो. कोड दुसऱ्या फोनवर पाठवा किंवा छापून घ्या. आयओएस १७.४ पासून आयफोनवर कोडच्या चित्रावर बोट दाबून धरलं तरी ई-सिम जोडता येतं. काहीच जमलं नाही तर विक्रेत्याने दिलेला सर्व्हरचा पत्ता आणि सक्रियता कोड हाताने टाकता येतो.

कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो. उतरवताना अडकलं म्हणून घाईने ई-सिम डिलीट करू नका, नाहीतर नवा कोड मागत बसावं लागेल.

मग या क्रमाने चला:

१. दोन्ही सिमना नावं द्या. एकाला ‘भारत’, दुसऱ्याला ‘प्रवास डेटा’. आई-बाबांच्या फोनवर मी मराठीतच नावं लिहिते.

२. कॉल आणि एसएमएससाठी ‘भारत’ हेच ठेवा.

३. ‘भारत’ सिमचं डेटा रोमिंग बंद करा. सिम चालू, पण डेटा रोमिंग बंद. (ज्यांनी भारतीय पॅकचाच डेटा वापरायचा ठरवलंय त्यांनी अर्थातच हे चालू ठेवायचं.)

४. ‘प्रवास डेटा’ सिमचं डेटा रोमिंग चालू करा. ई-सिम घेतलं तरी रोमिंग कशाला, असं वाटतं. पण ही ई-सिम बहुतेक कुठल्यातरी तिसऱ्याच देशाच्या कंपनीची असतात, म्हणून तिच्यासाठी फ्रान्सही परदेशच.

५. आता सगळ्यांत महत्त्वाचं. आयफोनमध्ये ‘अलाउ मोबाइल डेटा स्विचिंग’ आणि अँड्रॉइडमध्ये ‘ऑटो डेटा स्विचिंग’ किंवा तशा नावाचं बटण असतं. ते बंद करा. ते चालू असलं तर एका सिमची रेंज गेली की फोन न विचारता दुसऱ्याचा डेटा वापरायला जातो. बोगद्यात शिरताना हे झालं तर तुम्हाला कळणारही नाही.

६. गुगल फोटोजचा बॅकअप फक्त वाय-फायवर ठेवा. ॲप अपडेटही तसंच. व्हॉट्सॲपमध्ये स्टोरेज अँड डेटा उघडून रोमिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. सोसायटीच्या ग्रुपवरच्या सुप्रभाताच्या चित्रांनी डेटा संपवायची गरज नाही.

७. व्हॉट्सॲपने नवा नंबर वापरायचा का असं विचारलं तर नाही म्हणा. जुना नंबर कायम ठेवायचा.

८. आयफोनवर नवं सिम आलं की आयमेसेज आणि फेसटाइम सुरू करायला फोन गुपचूप एक एसएमएस पाठवतो. भारतीय सिमवरून तिथून गेलेल्या एसएमएसला पैसे पडतात. म्हणून ते भारतातच सुरू करून घ्या.

त्यानंतर इंटरनेट नसतानाही चालतील अशा गोष्टी उतरवा. गुगल मॅप्समध्ये पॅरिस, झुरिक, इंटरलाकेन, मिलान, जिथे जिथे जाणार तिथला ऑफलाइन नकाशा. गुगल ट्रान्सलेटमध्ये फ्रेंच, जर्मन, इटालियन. हॉटेलचे पत्ते, रेल्वेची तिकिटं, विम्याची पॉलिसी यांचे स्क्रीनशॉट. आणि हे सगळं एका कागदावरही. माझ्या आईच्या पर्समध्ये आता रुमालाच्या गाठीऐवजी हा कागद असतो.

बँक, कार्ड, यूपीआय

भारतीय कंपन्यांच्या रोमिंगमध्ये येणारा एसएमएस साधारणपणे फुकट असतो, पाठवलेला नसतो. म्हणजे रोमिंग सेवा चालू असली आणि फोन तिथल्या टॉवरला जोडलेला असला की ओटीपी मिळतो, डेटा कुठल्याही सिमचा असो. विमानतळावर उतरल्यावर पहिलं काम हेच करा. बँकेच्या ॲपमधून एखादा ओटीपी मागवा. आला तर निर्धास्त व्हा. नाही आला तर अजून विमानतळाचं वाय-फाय हाताशी आहे, तोवर कंपनीशी चॅट करून सोडवा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आपोआप चालू नसतात. ते बँकेच्या ॲपमधून चालू करा आणि मर्यादा ठरवा. बँकेत ईमेल नोंदवलेला असेल तर काही बँका ओटीपी तिथेही पाठवतात, ते पाहून ठेवा.

यूपीआय तुमच्या सिमला आणि त्या विशिष्ट फोनला बांधलेलं असतं. सिम जागेवर असेल तर इंटरलाकेनच्या हॉटेलातून पुण्यातल्या कामवाल्या मावशींचा पगार देता येतो. पण प्रवासात ॲप काढून पुन्हा टाकणं, फोन बदलणं, सिमची खाच बदलणं यातलं काही करू नका. पुन्हा पडताळणी करायची वेळ आली तर ॲप त्या नंबरवरून एसएमएस पाठवतं, आणि तो परदेशातून नीट जाईलच याचा भरवसा नसतो.

फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२४ पासून आयफेल टॉवरचं तिकीट यूपीआयने काढण्याची सोय सुरू झाली. त्यासाठी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय वेगळं चालू करावं लागतं. मात्र त्याच्या जोरावर युरोपला जाऊ नका, तिथे कार्डच लागतं.

विमानात आणि सीमेवर

विमानात बसल्यावर फ्लाइट मोड लावा आणि उतरेपर्यंत काढू नका. काही विमानांत उपग्रहावरून चालणारं मोबाइल नेटवर्क असतं आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते धरलेलं नसतं. मोठ्या जहाजांवरही हाच प्रकार. फोन त्याला आपण होऊन जोडला जातो आणि दर भयंकर असतो. फ्लाइट मोडमध्ये विमानाचं वाय-फाय वेगळं चालू करता येतं, त्यात धोका नाही.

उतरल्यावर फ्लाइट मोड काढा आणि पाच मिनिटं काहीही न करता थांबा. पहिल्यांदा टॉवर पकडायला वेळ लागतो. स्वागताचे एसएमएस येतात, दरपत्रक येतं. ते पुसू नका, कोणत्या देशात कोणत्या वेळी जोडलात याचा तो पुरावा असतो.

आता खरी सीमा. जिनिव्हा किंवा बाझलहून मिलानला जाणारी गाडी ब्रिग सोडून सिम्प्लॉनच्या बोगद्यात शिरते. जवळपास २० किलोमीटरचा बोगदा, देशांची हद्द त्याच्या पोटात. पलीकडे डोमोदोस्सोला, म्हणजे इटली. फोनने आता स्विसकॉम, सनराइज किंवा सॉल्ट ही स्विस कंपनी सोडून इटलीतली टिम, विंडट्रे किंवा व्होडाफोन पकडायला हवी. बहुतेक वेळा तो आपोआप पकडतो. कधी कधी मात्र वर रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात आणि नेट चालत नाही. तेव्हा क्रम असा:

फ्लाइट मोड लावा, अर्धा मिनिट थांबा, काढा. दहातल्या आठ वेळा एवढ्यानेच होतं. नाही झालं तर फोन बंद करून चालू करा. तरीही नाही, तर नेटवर्क निवडीचं ‘ऑटोमॅटिक’ बंद करा आणि दिसणाऱ्या यादीतून एकेक कंपनी हाताने निवडून पाहा, कारण तुमच्या प्लॅनचा करार त्यातल्या एखाद्याच कंपनीशी असू शकतो. शेवटचा उपाय म्हणजे एपीएन, म्हणजे फोनला इंटरनेटशी जोडणारं कंपनीचं सेटिंग. विक्रेत्याच्या ईमेलमध्ये एपीएनचं नाव दिलेलं असतं, ते सेटिंगमध्ये अक्षरन् अक्षर तसंच भरलंय का ते पाहा. हा ईमेलही स्क्रीनशॉट काढून ठेवायच्या यादीत हवा.

हाताने निवडलेलं नेटवर्क पुढच्या देशात पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर आणायला विसरू नका. नाहीतर फोन इटलीत बसून स्विस कंपनी शोधत राहतो.

याच्या उलटही घडतं. शाफहाउझेनजवळचा ऱ्हाइनचा धबधबा आपल्या सगळ्या टूरमध्ये असतो. तो स्वित्झर्लंडमध्ये आहे, पण जर्मनीची हद्द तिथून अगदी जवळ. बोडेन सरोवराच्या काठी तर जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड तिघांचे टॉवर एकमेकांवर पडतात. फक्त स्वित्झर्लंडचा प्लॅन असेल तर अशा ठिकाणी नेटवर्क हाताने स्विस कंपनीवर ठेवा. सगळे देश असलेल्या प्लॅनवाल्यांना याची काळजी नाही. म्हणूनच दोन-तीन देश फिरणार असाल तर एकेका देशाचं स्वस्त ई-सिम घेण्यापेक्षा थोडं महाग, पण सगळे देश धरणारं एकच घ्या, असं मी सांगते.

किती डेटा लागतो?

विक्रेत्याला विचारू नका, स्वतःच्या फोनला विचारा. घरचं वाय-फाय सोडून बाहेर असताना गेल्या महिन्यात किती मोबाइल डेटा गेला, ते सेटिंगमध्ये दिसतं. त्याला तीसने भागा, प्रवासाच्या दिवसांनी गुणा आणि प्रवासात नकाशे-भाषांतर जास्त वापरलं जातं म्हणून थोडा वाढवा. रील्स आणि क्रिकेट पाहणं हॉटेलच्या वाय-फायवर ढकललं तर आकडा बराच खाली येतो.

नकाशा आणि लिहिलेले निरोप यांना अगदी थोडा डेटा लागतो. व्हॉट्सॲपवरचा नुसता आवाजी कॉलही हलका. खाणारा असतो तो व्हिडिओ कॉल. आणि युंगफ्राऊयोखला ३,४५४ मीटरवर बर्फात उभं राहिल्यावर प्रत्येक जण घरी व्हिडिओ कॉल लावतोच. तो लावाच, त्यासाठीच तर डेटा घेतलाय. फक्त तेवढा हिशोबात धरा.

भारतातून साधा कॉल आला तर पॅकमध्ये मिनिटं आहेत की नाहीत ते माहीत असल्याशिवाय उचलू नका, रोमिंगमध्ये आलेल्या कॉललाही पैसे पडतात. नातेवाइकांना आधीच सांगा: व्हॉट्सॲपवरच फोन करा. अडीअडचणीला ११२ हा नंबर युरोपीय संघात, स्वित्झर्लंडमध्ये, ब्रिटनमध्ये सगळीकडे चालतो, त्याला बॅलन्स लागत नाही. आई-बाबांना हा नंबर तोंडपाठ करून द्या.

फोनच हरवला तर भारतीय सिम तातडीने बंद करायला कंपनीचा परदेशातून लागणारा ग्राहकसेवा क्रमांक हवा. तो फोनमध्ये साठवून उपयोग नाही. आधी सांगितलेल्या कागदावर, पासपोर्टच्या क्रमांकाखाली लिहा.

परत आल्यावर

मुंबईला उतरलात की डेटासाठी ‘भारत’ सिम निवडा, कारण ते आपोआप बदलत नाही आणि टॅक्सी बोलावताना नेट का नाही म्हणून लोक गोंधळतात. ‘प्रवास डेटा’ सिम बंद करा, पण लगेच डिलीट करू नका. काही ई-सिमवर पुढच्या प्रवासात नव्याने रिचार्ज करता येतं. पोस्टपेड असेल तर पुढची दोन बिलं नीट वाचा, परदेशी कंपन्यांकडून हिशोब उशिरा येतो. काही जास्तीचं लागलेलं दिसलं तर ते स्वागताचे एसएमएस काढा आणि तक्रारीला जोडा.